तहानलेली भुकटी

बदलापूर स्थानकाबाहेरील बाजारपेठेत फेरफटका मारणाऱ्यास तान्ह्या बाळांचे डायपर, कुंडीच्या मातीत मिसळण्याचे पारदर्शक खडे आणि पाण्यात टाकताच मोहरीचे गोटीएवढे होणारे रंगीत ‘जेली बॉल’ या वस्तूंचा परस्परसंबंध सहसा जाणवत नाही. गिऱ्हाईक निराळे, भाव निराळा. मात्र आतला माल एकाच कुळातला. रसायनशास्त्र त्यास हायड्रोजेल म्हणते. आषाढात साखर-मीठ जपणाऱ्या दुकानदाराने डायपरमधील भुकटी उघडी ठेवून पाहावी; तीही हवेतला ओलावा शोषून घेते.

ही भुकटी म्हणजे लांब रेणूंच्या साखळ्यांचे जाळे. साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना टाचलेल्या असल्याने ते पाण्यात विरघळत नाही. साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला लागून धन भाराचा सोडियम. पाणी शिरताच सोडियम सुटा होतो; परंतु जाळ्याचा ऋण भार त्याला बाहेर जाऊ देत नाही. आत सोडियमची दाटी, बाहेर विरळपणा. ही तफावत मिटवण्यासाठी पाणी आत धावते. समान भाराच्या साखळ्याही एकमेकींना दूर लोटतात. टाके ताणले जाऊन यापुढे सैल होईनात, तेथे फुगणे थांबते.

याची परीक्षा घरी घेता येते. चिमूटभर भुकटी दोन पेल्यांत घ्यावी. एकात उल्हास नदीचे नळाने आलेले पाणी, दुसऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी ओतावे. शुद्ध पाण्यातली भुकटी अधिक फुगते, कधी स्वतःच्या वजनाच्या काही शेकडो पट. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जाळ्याला आवळून धरतात. आता फुगलेल्या गोळ्यावर चमचाभर मीठ घालावे. आत-बाहेरची तफावत कमी होते आणि गोळा घेतलेले पाणी सोडू लागतो. डायपरमध्येही म्हणूनच, लघवी खारट असल्याने, भुकटीची पूर्ण ताकद कधी लागत नाही. (प्रयोग संपल्यावर ऐवज मोरीत ओतू नये, नळी तुंबेल.)

जैन घरांत येथे एक शंका हमखास निघते. जिलेटिनही पाणी धरून ठेवणारे असेच जाळे आहे, परंतु ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होते. डायपरमधील भुकटी तशी नव्हे. ती अॅक्रिलिक आम्लापासून कारखान्यात घडवलेली असते.

बदलापूरहून कर्जतमार्गे जाणारा लोहमार्ग पुण्याला पोहोचतो, आणि तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या पदार्थांवर मोलाचे काम झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ साली या संस्थेत आले. पाणी प्रचंड प्रमाणात शोषणारे ‘जलशक्ती’ नावाचे बहुवारिक याच प्रयोगशाळेतले.

जाळ्याचा सारा व्यवहार विद्युतभारावर चालतो, तर बाहेरून वीज दिल्यास काय होईल? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तोयोइची तानाका यांनी १९८२ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. पाणी आणि अॅसिटोनच्या मिश्रणात ठेवलेल्या जेलला दोन विद्युतपट्ट्यांमधून अल्प दाब दिला. तो दाब एका ठराविक मर्यादेजवळ किंचित बदलताच जेल एकदम आकसले, आकारमान काही शेकडो पटींनी घटले. दाब काढल्यावर ते पूर्ववत झाले. यामागे ओढाताण आहे. सोडियम ऋण पट्टीकडे ओढला जातो, ऋण भाराचे जाळे धन पट्टीकडे. धन पट्टीजवळ जाळे दाबले जाते व पाणी बाहेर पडते. साध्या पाण्यात धन पट्टीलगत आम्ल तयार होते. त्याने साखळ्यांवरचा भारच मावळतो. जेलची पट्टी अशा वेळी एका अंगाने फुगते, दुसऱ्या अंगाने आकसते आणि वाकते. जपानमध्ये योशिहितो ओसादा यांनी १९९२ साली विजेची दिशा आलटून-पालटून अशी पट्टी सुरवंटासारखी चालवूनही दाखवली.

मग यंत्रमानवाचे स्नायू आजवर बाजारात का आले नाहीत? अडचणी अनेक आहेत. त्यांतली मोठी म्हणजे मंदपणा. पाण्याला जाळ्यातून वाट काढावी लागते आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. केसाएवढा धागा चटकन हलतो, अंगठ्याएवढा गोळा तासन्‌तास घेतो. संशोधक म्हणूनच जेल बारीक करण्याच्या मागे असतात.

रंगीत मण्यांचा धोकाही या मंदपणातूनच येतो. रांगत्या बाळाने सुका मणी गिळला तर तो घशात न अडकता सहज उतरतो. घरात कोणाला काही कळत नाही. आतड्यात तो हळूहळू फुगतो, वाट अडवतो, आणि उलट्या व पोटदुखी सुरू होतात तेव्हा मणी कोणाच्या आठवणीतही नसतो. अमेरिकेत २०२३ साली असे मणी गिळलेल्या दहा महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाला. तो संच परत मागवला गेला. त्याच वर्षअखेरीस तेथील मोठ्या दुकानांनी मुलांसाठीचे मणी विकणे थांबवले.

बदलापुरातल्या दुकानात ही पाकिटे पेन्सिल-खोडरबराच्या ओळीत, मुलांच्या हाताच्या उंचीवर टांगलेली दिसली तर ती जागा तरी बदलावी. फुलदाणीसाठी मागणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरून काढून देता येतील. त्यात विक्री थोडी घटेलही. आणि मणी गिळल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना ते आपणहून सांगावे लागते, कारण साध्या एक्स-रेमध्ये हा मणी सहसा दिसत नाही.