पंधरा मिनिटांची क्रूझ

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या दोघांनी मुंबई-गोवा क्रूझ केली. सोमवारी लंचला फोटो, व्हिडिओ, स्विमिंग पूल, बुफे, डेकवरचा सूर्यास्त... सगळं साग्रसंगीत दाखवून झालं. मग प्रश्न आलाच, "तू कधी जातोयस?" तिकिटाचा आकडा मी आधीच बघून ठेवला होता. "बघू रे, आधी रिलीज तर होऊ दे," म्हणून विषय मिटवला. पण बोट काही डोक्यातून जाईना.

शेवटी शनिवारी मी माझ्या ऐपतीची क्रूझ केली. भाईंदर ते वसई, रो-रो. कालावधी साधारण पंधरा मिनिटं. बुफे नाही, पण निघायच्या आधी वडापाव खाऊन घेतला :-)

ही रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने जवळपास चाळीस किलोमीटरचा वळसा, पाण्यातून साडेतीन. बोट मुख्यतः गाड्यांसाठी. आमच्यासारखी पायी माणसं कठड्याला टेकून उभी राहतात आणि बाईकवाले हेल्मेट न काढताच सेल्फी काढतात. मागे रेल्वेचा पूल लहान होत जातो, समोर झाडीतून किल्ल्याची तटबंदी दिसायला लागते. गंमत म्हणजे एवढ्याशा प्रवासातसुद्धा माणूस क्रूझवाला होतो. हात कठड्यावर, नजर दूर, आणि चेहऱ्यावर उगाचच 'आपण कुठेतरी चाललोय' असा भाव. माझ्याही असणार.

आता जरा भूगोल. मी राहतो काल्हेरला, भिवंडी तालुक्यात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून खाडी दिसते आणि पलीकडे ठाण्याचे, कोलशेतचे टॉवर दिसतात. माझं ऑफिस त्याच बाजूला आहे. पोहता येणाऱ्याला ओरडून हाक मारता येईल इतक्या अंतरावर, आणि मी रोज कशेळीच्या पुलावरून, बाळकुमच्या सिग्नलवरून, कंटेनरच्या मागे कंटेनर बघत तास-दीड तास घालवतो. हीच खाडी पुढे नागला बंदर, गायमुख, घोडबंदर, भाईंदर करत वसईला समुद्राला मिळते. म्हणजे माझ्या गच्चीखालचं पाणीच वसईला जातं. मी मात्र वसईला जायला आधी रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा असं करत भाईंदर गाठलं, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांना क्रूझ म्हणालो. कैच्या कै!

बरं, हे पाणी काही कालपरवापासून वाहत नाहीये. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवात आमच्या या खाडीत झाली. १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात तक्रार आहे की शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेल या बंदरांत लढाऊ गलबतं बांधतोय. बंदर, भिवंडी! आज हे आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, बंदर म्हणजे माकड का? ही जहाजं बांधायला महाराजांनी पोर्तुगीज कारागीर ठेवले होते आणि त्यांचा मुख्य होता रुय लैताव व्हियेगस. वसईकडच्या पोर्तुगीजांनी त्याला समजावून परत बोलावलं, आणि साहेब माणसांसकट गुपचूप निघून गेले. अख्खी टीम नोटीस पिरियड न देता दुसऱ्या कंपनीत! ही पद्धत आयटीत सुरू झाली असं मी आजवर समजत होतो.

पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पण त्या मोहिमेच्या मागे पेशव्यांकडे लकडा लावणारा माणूस कुठला, तर गंगाजी नाईक अंजूरकर. अंजूर आमच्याच तालुक्यातलं. चिमाजी अप्पांनी नवस केला असं सांगतात, ती वज्रेश्वरीही आमच्याच तालुक्यात. आणि आम्हाला अंजूर म्हटलं की काय आठवतं? अंजूरफाट्याचं ट्रॅफिक. असो.

किल्ल्याबद्दल मी फार लिहीत नाही. १५३४ पासून दोनशेच्या वर वर्षं पोर्तुगीजांनी इथे राज्य केलं. छप्पर उडालेली चर्चेस आहेत, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्याच्या शिळा आहेत, आणि त्यांच्यावरून लेहंगा सावरत जाणाऱ्या प्री-वेडिंगवाल्या नवऱ्या. मला लिहायचंय ते नंतर झालं त्याबद्दल.

किल्ल्याला लागून कोळीवाडा आहे, पाचूबंदर. थंडीचे दिवस, त्यामुळे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, लांबच लांब ओळी. उन्हात छान दिसत होते. एक मावशी खाली बसून सुकी मासळी निवडत होत्या. मी मोबाईल काढला, फ्रेम लावली, क्लिक केलं. अगदी क्रूझवाल्यासारखं. मावशींनी मान वर केली.

"काय रे, विचारायचं तरी! तुझ्या घरी येऊन तुझ्या आईचा फोटो काढू का मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आमच्या घरी असे लोक खरंच आलेत. बाबांचे भिवंडीत चार लूम होते. मी शाळेत असताना दर वर्षी-दोन वर्षांनी कुणीतरी कॅमेरा घेऊन यायचं. कापसाच्या तुसात उभ्या असलेल्या कारागिरांचे फोटो काढायचं आणि जायचं. त्यांना कापड नको असायचं. बाबा प्रत्येकाला चहा द्यायचे आणि तो गेल्यावर म्हणायचे, "बघून गेला." एवढंच. त्या दोन शब्दांतला राग मला शनिवारी पाचूबंदरला कळला.

माफी मागितली, फोटो डिलीट केला, आणि अर्धा किलो बोंबील घेतले. मग मावशी जरा निवळल्या. कुठला म्हणून विचारलं. भिवंडी म्हटल्यावर म्हणाल्या, "मग इकडून कशाला आलास एवढा फेरा मारून? माझा सासरा होडीनं जायचा तुमच्याकडं, खाडीतून, सुकी मासळी घेऊन. येताना भात आणायचा."

तर माझं म्हणणं एवढंच आहे. बंदराला जाग असते ती काम घेऊन येणाऱ्या माणसामुळे. मासळी देऊन भात नेणारा तो सासरा बंदराचा माणूस. आणि दुपारी उतरून संध्याकाळी परत चढणारा, जेवण-झोप बोटीवरच करणारा प्रवासी हा 'बघून गेला'. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना शहराच्या मधल्या कालव्यातून बंदी केली ती काय उगाच? मुंबईत सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. होऊ दे, माझी हरकत नाही, माझे मित्र जातीलच. पण २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात ५३ नंबरचा आमचा आहे: कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी धरून. पहिल्या टप्प्यातल्या जेट्ट्यांच्या यादीत कोलशेतही आहे आणि काल्हेरही. म्हणजे माझी गच्ची आणि माझं ऑफिस! पण मी सकाळी साडेआठला पकडू शकेन अशी बोट आजही नाही.

मला माहीत आहे, हे सोपं नाही. खाडीत गाळ आहे, भरती-ओहोटीचं गणित आहे, रेल्वे पुलांखालची उंची आहे, कांदळवनं तोडून चालणार नाही. जेट्टीपासून घरापर्यंत रिक्षा मिळाली नाही तर बोटीचा उपयोग शून्य. आमच्या एका सीनियरने तर सरळ विचारलं, "रोज तिकीट काढून कोण जाईल?" मी जाईन. काल्हेर, कशेळी, पूर्णा या पट्ट्यात गोदामात कामाला येणारी, ठाण्यात कामाला जाणारी हजारो माणसं आहेत, त्यातली बरीच जातील. निदान एक बोट लावून, एक वर्ष चालवून बघा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पायलट न करता इतकं ठाम 'नाही चालणार' म्हटलं तर क्लायंट हाकलून देईल.

परत येताना वसई रोडहून दिव्याची गाडी पकडली. मोजक्याच गाड्या असतात, त्यामुळे तासभर प्लॅटफॉर्मवर बसलो. गाडीत बोंबलांचा वास सुटल्यावर समोरच्या काकांनी आधी नाक मुरडलं, मग भाव विचारला. भिवंडी रोडला उतरून रिक्षाने घरी. आईने पुडी उघडून बघितली, म्हणाली, "चांगले आहेत रे, पुढच्या वेळी एक किलो आण."

पुडी मी लॅपटॉपच्या बॅगेत ठेवली होती, हे मात्र सोमवारी स्टँडअपला आठवलं. आमच्या क्रूझवाल्या मित्रानेच आधी विचारलं, "कसला रे वास येतोय?"