फासाला उजेडाचे भय

इराणी चित्रपट-दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ यांना आठ वर्षांचा कारावास, चाबकाचे फटके, दंड आणि मालमत्तेची जप्ती ही सजा कायम झाल्याचे त्यांच्या वकिलांनी ८ मे २०२४ रोजी जाहीर केले, आणि आठवडा उलटण्याच्या आतच रसूलोफ देश सोडून परागंदा झाल्याचे वृत्त आले. ज्या कृत्यांस्तव ही सजा फर्मावली गेली ती कृत्ये म्हणजे जाहीर निवेदनांवर सह्या करणे आणि चित्रपट व माहितीपट काढणे. आणि तेवढ्यावरून राष्ट्राच्या सुरक्षिततेविरुद्ध संगनमत केल्याचा ठपका ठेवताना त्या न्यायासनाला यत्किंचितही संकोच वाटला नाही. या अन्यायाचा धिक्कार जगभर झाला, व तो व्हायलाच हवा होता. परंतु धिक्कार करून मोकळे होण्यापूर्वी या प्रकरणाचे मर्म नीट ओळखले पाहिजे. फाशी देणाऱ्या सत्तेला फाशी दाखविलेली खपत नाही, हेच ते मर्म होय.

रसूलोफ यांच्या 'देअर इज नो ईव्हिल' या चित्रपटाला २०२० साली बर्लिनच्या महोत्सवात 'गोल्डन बेअर' हा सर्वोच्च सन्मान मिळाला, तेव्हा त्यांना देशाबाहेर जाण्याची मनाई असल्यामुळे तो स्वीकारण्यास त्यांच्या कन्येला व्यासपीठावर जावे लागले. सरकारी पहारेकऱ्यांची नजर चुकविण्यासाठी चार स्वतंत्र लघुपटांच्या मिषाने चित्रित केलेल्या या कलाकृतीच्या पहिल्या कथेत एक सालस गृहस्थ आहे. तो पत्नीला व मुलीला मोटारीतून नेतो-आणतो, वृद्ध आईची वास्तपुस्त करतो, पत्नीच्या केसांना स्वहस्ते कलप लावून देतो, पहाटेच्या अंधारात उठून कामावर जातो, आणि भिंतीवरचे दिवे हिरवे झालेले दिसताच एक बटण दाबतो. पुढच्याच क्षणी पडद्यावर अधांतरी तडफडणारे पाय दिसतात. दुसऱ्या एका कथेतील शिपाई, सक्तीच्या लष्करी नोकरीत तीन दिवसांच्या रजेच्या मोबदल्यात कैद्याच्या पायाखालचे स्टूल ओढतो, आणि प्रेयसीच्या घरी पोहोचल्यावर त्याला कळते की, ज्याच्या मृत्यूचा शोक तेथे चालला आहे तो तोच कैदी. देहदंडाचा अंमल करणारे हात राक्षसाचे नसतात, ते शासनाने कामाला जुंपलेल्या तुमच्या-आमच्यासारख्या नागरिकांचेच असतात, एवढेच हा कलावंत सांगतो. आणि तेवढेच सत्तेला असह्य होते.

असह्य व्हावे यात नवल नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालानुसार इराणने एकट्या २०२३ साली निदान ८५३ माणसांना देहान्त शासन दिले. एप्रिल २०२४ मध्ये इस्फहानच्या क्रांतिकारी न्यायालयाने तूमाज सालेही या रॅप गायकाला मृत्युदंड ठोठावला; म्हणजे फासाविरुद्ध बोलणाऱ्याला फटके आणि राजवटीविरुद्ध गाणाऱ्याला प्रत्यक्ष फास, अशी ही न्यायाची परंपरा आहे.

परंतु फासाला वाटणारे उजेडाचे हे भय केवळ तेहरानपुरते आहे, असे समजण्याची चूक कोणी करू नये. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात १९७६ साली एका पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला. रँडल ॲडम्स नावाच्या निरपराध माणसाला दुसऱ्याच वर्षी देहान्ताची शिक्षा झाली, आणि १९७९ च्या मे महिन्यात मृत्यू अवघा तीन दिवसांवर आला असता सर्वोच्च न्यायालयाने तो तहकूब केला. पुढे शिक्षा जन्मठेपेवर आली, तरी कलंक व कारावास सुटला नाही. पंच, न्यायाधीश व सरकारी वकील या साऱ्यांनी मिळून जे सत्य पाहिले नाही, ते एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' या माहितीपटाने १९८८ साली पाहिले. त्यातील अखेरच्या प्रसंगात माणूस दिसतच नाही. एक टेपरेकॉर्डर तेवढा दिसतो, आणि त्यातून खऱ्या गुन्हेगाराचा आवाज ॲडम्स निर्दोष असल्याचे जवळजवळ कबूल करतो. १९८९ साली ॲडम्स मुक्त झाला. फास आवळला गेला असता, तर तो आवाज ऐकून कोणाला सोडविणार होतो?

आणि आपले काय? दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याची मुलाखत असलेला 'इंडियाज डॉटर' हा माहितीपट मार्च २०१५ मध्ये सरकारने बंद पाडला, आणि त्याच वर्षी जुलैत केंद्रीय गृहखात्याने परिपत्रक काढून कारागृहात माहितीपट काढू इच्छिणाऱ्यावर १ लाख रुपयांच्या अनामतीची, आणि चित्रण आटोपल्यावर सारी उपकरणे तपासणीसाठी तीन दिवस अधीक्षकाच्या हवाली करण्याची अट लादली. संसदेवरील हल्ल्याच्या प्रकरणात दोषी ठरलेल्या अफझल गुरू याला ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये फाशी दिली गेली. तशी खबर देणारे सरकारी पत्र त्याच्या कुटुंबाच्या हाती पडले ते फाशी होऊन दोन दिवस लोटल्यावर. गुन्हा कितीही घोर असो, कायद्याच्या नावाने जे करावयाचे ते असे लपूनछपून करण्याची पाळी शासनावर यावी, यातच त्या कृत्याचा निवाडा झालेला आहे.

गुप्ततेचा हा पडदा कोणाच्या जिवावर बेततो ते महाराष्ट्राने तरी विसरू नये. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली भटक्या जमातीतील सहा जणांना देहान्ताची शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा सौम्य केली असता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना पुन्हा फाशी फर्मावली; आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला. यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली. आणि मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर भरपाईचा हुकूम कोणाच्या नावे निघाला असता?

हत झालेल्यांच्या आप्तांचे दुःख खरे आहे आणि त्यांच्या न्यायाच्या मागणीचा मान समाजाने राखलाच पाहिजे. पण चुकीच्या माणसाला मारून कोणाच्याही दुःखाचे परिमार्जन होत नाही, आणि माणूस चुकीचा आहे की बरोबर, हे शोधण्याची एक वाट आपण आपल्याच हातांनी बुजवीत आहोत. म्हणून केंद्राने २०१५ चे ते परिपत्रक मागे घ्यावे. देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्याला, त्याची संमती असेल तर, चित्रपटकाराशी व पत्रकाराशी बोलण्याची मुभा द्यावी. आणि येत्या नोव्हेंबरात गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात रसूलोफ यांना सन्मानपूर्वक पाचारण करून त्यांचे चित्रपट दाखवावेत. इराणशी आपली मैत्री जुनी आहे, ही सबब येथे चालणार नाही. जी शिक्षा नागरिकांच्या नावाने दिली जाते ती पाहण्याचा त्यांना हक्क आहे, आणि ती पाहवत नसेल, तर ती कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकणे हे त्यांचे कर्तव्य आहे.