मुलींची लस आणि पालकांची शंका

रोग झाल्यावर तो बरा करण्यापेक्षा तो होऊच न देणे श्रेयस्कर, हे तत्त्व आपल्या समाजाने देवीच्या लसीपासून पोलिओच्या थेंबांपर्यंत हळूहळू पत्करले आहे. तथापि एक लस अशी आहे की, तिचे नाव निघताच सुशिक्षित घरांतही संकोचाची शांतता पसरते. ती म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी एच. पी. व्ही. लस.

हा कर्करोग जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. हा संबंध शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली लस २००६ साली वापरात आली, आणि २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लसही मिळू लागली. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. इतक्या घरांतून गृहिणी नाहीशी व्हावी आणि उपाय हाताशी असूनही आपण गप्प बसावे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

परंतु पालकांची शंका म्हणजे निव्वळ अज्ञान, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. २००९ साली खम्मम आणि वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली तो थांबविण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. मात्र खम्मममध्ये कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या असल्याचे उघडकीस आले, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लसीत दोष आढळला नव्हता. दोष होता तो पालकांना न विचारण्यात. जपानात तर २०१३ साली दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे शासनाने आपली शिफारस मागे घेतली, आणि सुमारे ७० टक्क्यांवर असलेले लसीकरण १ टक्क्याच्याही खाली घसरले. ती शिफारस पूर्ववत होण्यास २०२२ साल उजाडले. एकदा गेलेला विश्वास परत मिळविणे किती कष्टाचे असते, हे यावरून दिसते.

याउलट सिक्कीमचे उदाहरण पाहा. २०१८ साली तेथे शाळाशाळांतून ही लस देण्यात आली. तत्पूर्वी डॉक्टर, शिक्षक आणि पालक यांना विश्वासात घेण्यात आले होते. परिणामी ९५ टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. पालक तेच, शंकाही त्याच. फरक होता तो सांगण्याच्या रीतीत.

मग डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी काय करावे? आमच्या मते पहिली गोष्ट म्हणजे शिफारस निःसंदिग्ध असावी. “हवी असल्यास घ्या” असे चाचरत म्हटले की, “नको असली तरी चालेल” असेच पालक ऐकतात. दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, त्याच वेळी व त्याच सहज स्वरात या लसीचेही नाव घ्यावे. परंतु तेवढ्यावर न थांबता प्रश्न विचारण्यास अवसर द्यावा. वडोदरा आणि खम्मम येथील अनुभव असलेल्या देशात घाईने घेतलेली सही ही संमती नव्हे.

दुसरी गोष्ट भाषेची. आम्ही कोंकणी बोलणारी माणसे. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, आणि दवाखान्यातील कागद मात्र बहुधा इंग्रजी! आईच्या मनातील शंका तिच्या आवयच्या भाषेतच उमटते. तिचे उत्तरही त्याच भाषेत मिळाले पाहिजे. माहितीपत्रक मराठीत असावे, आणि बोलणे घरच्या बोलीत.

तिसरी गोष्ट संकोचाची. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून “इतक्या लहान मुलीला ही लस कशाला?” असे पालक विचारतात. यावर रागावू नये, अथवा विषयही टाळू नये. सरळ सांगावे की, विषाणूशी गाठ पडण्याच्या पुष्कळ आधी दिलेली लसच उत्तम रक्षण करते, आणि कोवळ्या वयात शरीराची प्रतिकारशक्ती अधिक जोमाने जागी होते. पाऊस सुरू होण्यापूर्वी घर शाकारतात, त्यात कोणी पावसाला आमंत्रण देत नाही. लसीने वंध्यत्व येते, ही समजूत निराधार आहे. मात्र दंड दुखतो, क्वचित ताप येतो, एखादी मुलगी घाबरून भोवळ येऊन पडते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात, हेही आधीच सांगावे. जो लहान त्रास लपवीत नाही, त्याच्या मोठ्या आश्वासनावर माणसे विश्वास ठेवतात. लस घेतली तरी पुढे योग्य वयात तपासणी करावीच लागते, हेही सांगावयास विसरू नये.

आणि एखाद्या पालकाने नकार दिलाच, तर त्याचा उपहास करू नये. “विचार करा, पुन्हा या,” एवढे म्हणून दार उघडे ठेवावे. आजचा नकार हा कायमचा नकार नसतो.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. ऐकीव गोष्टींवरून निर्णय न करता आपल्या डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, आणि त्या बोलण्यात मुलीलाही बसवावे. कारण शरीर तिचे आहे आणि पुढचे आयुष्यही तिचेच. विद्यार्थिनींनो, हा अंक घरी न्याल तेव्हा हे पान आईवडिलांना अवश्य वाचून दाखवा. संकोच एका संध्याकाळचा असतो; आरोग्य जन्मभराचे असते.