लोणारच्या गुलाबी पाण्याकडे पुन्हा पाहा

देवगाव रंगारीहून संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा करत लोणार गाठता येते. जून 2020 मध्ये तिथल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो मोबाइलवर घरोघरी पोहोचले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. पुढे रंग उतरला आणि चर्चाही थांबली. ती थांबायला नको होती.

लोणारच्या खाराचे मोल जुने आहे. तिथे काचेचा आणि साबणाचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. अशा खारात जगणाऱ्या जिवांचे मोल कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. 1971 मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांना एका क्षारप्रिय जिवाच्या जांभळ्या पटलात प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन सापडले. आपल्या डोळ्यात असते तेच रेटिनल त्यातही होते. डोळा नसलेल्या जिवाला ते कशाला हवे? उजेडातून ऊर्जा मिळवायला. माणसाला त्याचा काय उपयोग, हे तेव्हा कुणीच सांगू शकले नसते.

उपयोग निघाला तो तीस-पस्तीस वर्षांनी. इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या सोडायुक्त सरोवरांत, म्हणजे लोणारसारख्याच पाण्यात, नॅट्रोनोमोनास फॅराओनिस हा जीव राहतो. त्याच्या एका प्रथिनाचे जनुक मेंदूतल्या चेतापेशीत घालायचे आणि वरून पिवळा प्रकाश टाकायचा. रेटिनलचा आकार बदलतो, क्लोराइड आत ओढले जाते, पेशी गप्प होते. दिवा विझवला की ती पुन्हा कामाला लागते. 2007 मध्ये हे दाखवून दिले गेले. पेशी चेतवण्याचे साधन त्याआधीच क्लॅमिडोमोनास या साध्या शेवाळाने दिले होते. त्याबद्दलच्या 2003 च्या शोधनिबंधाच्या लेखकांत सुनील कटेरिया हे भारतीय नावही आहे. 2021 मध्ये शेवाळातूनच मिळालेल्या अशा प्रथिनाच्या आधारे, रेटिनायटिस पिग्मेंटोसाने दृष्टी गेलेल्या 58 वर्षांच्या माणसाने खास चष्मा लावून टेबलावरची वही शोधली आणि तिला हात लावला.

खाऱ्या पाण्यापासून त्या टेबलापर्यंत यायला पन्नास वर्षे लागली. पहिली तीस वर्षे शास्त्रज्ञ ‘याचा फायदा काय’ असे विचारत बसले असते, तर हाती काहीच लागले नसते. लोणारच्या सूक्ष्मजीवांवर काम झाले आहे, होतही आहे. पण अशा कामाला सलग वर्षे द्यावी लागतात. मराठवाडा-विदर्भातल्या महाविद्यालयांनी दर ऋतूत तिथले पाणी तपासावे, जीव वाढवून जपावेत, त्यांची जनुके वाचावीत, आणि सरकारने त्यासाठी दीर्घ मुदतीचा निधी द्यावा. देवगाव रंगारी परिसरातल्या शाळांनीही वेरूळप्रमाणे लोणारची सहल काढावी आणि सोबत एक सूक्ष्मदर्शक न्यावा.