मीरा-भाईंदरच्या घरांना भूउष्मा पंप मानवेल काय?

राई, मुर्धा, उत्तन, डोंगरी या गावठाणांत अंगण असलेली घरे अद्यापि आहेत. अंगणात नळ्या पुरून घर थंड राखण्याचा विचार अशा घरमालकाच्या मनात आल्यास प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. तो विहिरीच्या गोड्या पाण्याचाही होतो.

भूउष्मा पंप उष्णता निर्माण करीत नाही. फ्रिजप्रमाणे ती एका जागेची उचलून दुसरीकडे नेतो. काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, म्हणजे तेथील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. स्वीडनमध्ये बाहेर बर्फ असता जमीन हवेहून उबदार असते. म्हणून तेथे हा पंप रुजला. एक भाग विजेत तीन-चार भाग उष्णता घरात येते.

मीरा-भाईंदरची वार्षिक सरासरी सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात दुपारची हवा ३३-३४ अंशांवर जाते. म्हणजे लाभ भर दुपारी पाच-सात अंशांचा. आणि रात्री, गारव्याची खरी गरज असते तेव्हा, तो जवळजवळ नाहीच. नागपुरास मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेथे हा विचार निदान करण्याजोगा आहे. मात्र तेथील कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर तेच काम स्वस्तात करतो.

शिवाय येथे घर तापविण्याची वेळ कधी येत नाही. घरातील उष्णता वर्षानुवर्षे त्याच मातीत ओतली गेल्यास नळ्यांभोवतीची जमीनच तापत जाईल.

सर्वांत मोठा धोका खाऱ्या पाण्याचा. खाडी, खाजण आणि मिठागरे यांच्या या पट्ट्यात ५० ते १०० मीटरांची विंधणविहीर घेऊन तिची पोकळी नीट बुजविली नाही, तर खालचे खारे पाणी वरच्या गोड्या थरात शिरू शकते. विहिरीचेच पाणी पंपातून फिरवावे, तर अति उपशाने समुद्र आत ओढला जातो आणि यंत्राचे धातूचे भागही गंजतात. खारावलेली विहीर एका घरापुरती राहत नाही. शेजाऱ्याचा भाजीचा वाफाही त्याच झऱ्यावर असतो.

तोच पैसा छपरावरील सावलीस, वाऱ्याच्या वाटेस व चांगल्या पंख्यांस लावणे शहाणपणाचे. चौघांच्या कुटुंबास स्नानासाठी १०० लिटरचा सौर बंब पुरतो. हवेतील उष्णता घेणारा पंप या दमट, उबदार हवेत उत्तम चालतो. पण तो वसतिगृहास किंवा रुग्णालयास अधिक परवडेल.

पालघर-रायगडच्या किनाऱ्यावरही विस्तार कार्यकर्त्यांनी हाच हिशेब मांडावा. मे महिन्यात दुपारी व पहाटे विहिरीचे बादलीभर पाणी शेंदून त्यात लगेच तापमापक बुडवावा, त्याच वेळी सावलीतील हवेचे तापमान घ्यावे आणि दोन्ही आकडे घरमालकापुढे ठेवावेत.