नोकरी पाहणे

नोकरीची मुलाखत आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम यांत पूर्वी फारसा फरक नसे. एका बाजूने विचारायचे, दुसऱ्या बाजूने मान खाली घालून उत्तरे द्यायची! त्यातून आमचे चाळीसगाव पडले धुळ्याच्या फाट्याचे जंक्शन. रेल्वेत चिकटला तो तरला, असा हिशेब.

शेजारचे आप्पा रेल्वेतूनच निवृत्त झालेले. लेकीला पुण्याच्या एका कंपनीचे बोलावणे आले, तर म्हणाले, "सरकारी परीक्षा दे. पेन्शन तरी मिळेल!"

"आप्पा, तुमच्यासारखी पेन्शन रेल्वेत १ जानेवारी २००४ पासून लागणाऱ्यांना बंद झाली. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून. आता २०२५ पासून केंद्रात खात्रीच्या पेन्शनचा पर्याय आलाय, पण त्यासाठीही पगारातून दरमहा दहा टक्के कापतात."

आप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

पुण्यात साहेबांनी शेवटी रिवाजाप्रमाणे विचारले, "तुम्हांला काही विचारायचंय?" पोरगी म्हणाली, "माझ्याआधी या जागेवर कोण होतं? ते का गेले?" साहेब एकमेकांकडे पाहू लागले. वर्षात तिघे सोडून गेले होते! तिने नकार कळवला. मला विचाराल तर पगाराच्या आकड्याहून हा प्रश्न मोलाचा.

पुढे नाशिकला, थोड्या कमी पगारावर, ती रुजू झाली. तिथल्या आधीच्या बाईंना त्याच कचेरीत बढती मिळाली होती. त्यांच्याशी ती अर्धा तास बोलून आली. प्रॉव्हिडंट फंड पहिल्या महिन्यापासून कापतात, हेही विचारून घेतले.

आप्पा मात्र रेल्वेभरतीच्या जाहिराती अजून कापून ठेवतात.