भूसुरुंग व क्लस्टर बॉम्ब यांबाबत बावडा ग्रामस्थांचे निवेदन

बावडा, ता. इंदापूर, जि. पुणे
दि. ६ एप्रिल २०२६

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मार्फत : मा. तहसीलदार, इंदापूर

विषय : युद्ध संपल्यावरही नागरिकांचे बळी घेणाऱ्या शस्त्रांवर मर्यादा घालणे, तसेच राज्यातील सराव क्षेत्रे व स्फोटक विल्हेवाटीच्या जागा सुरक्षित करणे.

मा. महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बावडा व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील रहिवासी आहोत. आमच्यात लष्करातून निवृत्त झालेले जवान आहेत, शिक्षक आहेत, आणि बहुतेक ऊस पिकवणारे आहेत. उसाची थकबाकी किंवा कालव्याचे आवर्तन सोडून हे लोक संरक्षण खात्याला का लिहितात, असे तहसील कचेरीतच विचारले जाईल. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी नवी दिल्लीत लष्कराच्या हाती जी नवी सामग्री देण्यात आली, तीत ‘निपुण’ हा माणसांविरुद्ध वापरायचा भूसुरुंग होता. तो विकसित केला पुण्यातील पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, देशी उद्योगांना बरोबर घेऊन. पिनाका अग्निबाण याच संस्थेचे काम. दारूगोळा कारखाने चालवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय खडकीला आहे. आणि याच पुण्यात १९४४ सालापासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. सुरुंगावर पाय गेलेल्या जवानाला तिथे नवा पाय मिळतो. थोडक्यात, सुरुंगाचा आराखडाही आमच्या जिल्ह्यात होतो आणि पायाचे मापही इथेच घेतले जाते. या विषयावर बोलायला आम्हाला यापेक्षा वेगळा अधिकार लागू नये.

एक गोष्ट स्पष्ट करतो. जवानाच्या हातातले शस्त्र काढून घ्या, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तसे लिहिले असते तर आमच्यातल्या माजी सैनिकांनी सहीच केली नसती. आमचा आक्षेप शत्रू आणि शेतकरी यांतला फरक न ओळखणाऱ्या आणि तह झाल्यावरही जागे राहणाऱ्या शस्त्रांना आहे. २०२३ या एका वर्षात जगभर भूसुरुंग व न फुटलेल्या स्फोटकांनी मेलेल्या आणि जखमी झालेल्या ५,७५७ जणांची नोंद झाली. ओळख पटलेल्यांत शंभरातले चौऱ्याऐंशी साधे नागरिक होते.

आपल्याकडचा अनुभव फार जुना नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झाले आणि पंजाब, राजस्थान व जम्मूच्या सीमेलगत पिकाऊ जमिनींत सुरुंग पेरले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये फौजा मागे घेण्याचे ठरले, पण सुरुंग काढण्याचे काम त्यानंतरही चालूच राहिले. जम्मू-काश्मीरच्या डोंगरउतारावर पावसाने, बर्फाने सुरुंग जागचे सरकतात. मग कुंपणही चुकते आणि नकाशाही. मे २०२५ मधील गोळाबारीनंतर पूंछच्या गावांत न फुटलेले तोफगोळे लष्कराला शोधून निकामी करावे लागले. तिथला शेतकरी आमच्यासारखाच अनवाणी पायाने वाफ्यात उतरणारा आहे.

भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारावर भारताने सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांत या कराराच्या समर्थनाचा ठराव दरवर्षी येतो, तेव्हा भारत तटस्थ राहतो. लांब आणि अशांत सीमा हे कारण आम्ही क्षुल्लक मानत नाही. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या धाकाने या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, हेही आम्ही वाचले आहे. पण भारताने १९९६ पासून सुरुंगांची निर्यात स्वतःहून थांबवली आहे. सुरुंगक्षेत्राला कुंपण घालणे, त्याची नोंद ठेवणे, सुरुंगात शोधयंत्राला सापडेल इतका धातू असणे, ही बंधने सांगणारा, पारंपरिक शस्त्रांविषयीच्या जिनिव्हातील कराराचा सुधारित दुसरा प्रोटोकॉलही मान्य केला आहे. रासायनिक अस्त्रांचा जाहीर केलेला साठा तर २००९ पर्यंत पूर्ण नष्ट केला. तेव्हा देश दुबळा झाला, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणून पहिली मागणी अशी : कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर भारत ओटावा करारात येईल, हे सरकारने संसदेत लेखी सांगावे, आणि तोवर वरील वार्षिक ठरावाच्या बाजूने मत द्यावे.

क्लस्टर बॉम्बबाबत आम्ही अधिक आग्रही आहोत. एका बॉम्बमधून शेकडो लहान गोळे सुटतात आणि त्यांतले बरेच फुटतच नाहीत. लाओसवर अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात असे सुमारे सत्तावीस कोटी गोळे टाकले. त्यांतल्या कोट्यवधी गोळ्यांवर भाताची खाचरे आजही नांगरली जातात. आमच्याकडे ऊसतोड मजूर बाई वाकून बुडख्याला कोयता घालते तेव्हा तिचा दुसरा हात पाचटात असतो. पाचटाखाली काय आहे ते तिला दिसत नाही. तिथे मुठीएवढा लोखंडी गोळा असेल, एवढी एकच कल्पना मंत्रालयाने करावी. २००८ च्या क्लस्टर बॉम्बबंदी करारापासून भारत दूर आहे. पिनाकासाठी अशी स्फोटके विकसित झाली आहेत आणि पिनाकाला आता परदेशी गिऱ्हाईकही मिळाले आहे. भूसुरुंगांसारखीच क्लस्टर स्फोटकांच्या निर्यातीवर जाहीर बंदी घालावी. वस्तीच्या व शेतीच्या भागात ती वापरणार नाही, असे लेखी धोरणही जाहीर करावे.

आता महाराष्ट्रातले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत रोजंदारीवर आलेले आसपासचे मजूर होते. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीनंतर अवघी अडीच वर्षे गेली होती. भीमेपलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यात के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्रावर न फुटलेल्या गोळ्यांचे भंगार वेचताना माणसे दगावली आहेत. पितळ आणि तांब्याला भाव मिळतो, म्हणून गरीब माणूस जिवावर उदार होतो. त्याला अतिक्रमण करणारा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्येक सरावानंतर क्षेत्राची पूर्ण सफाई व्हावी आणि तिचा अहवाल संबंधित ग्रामपंचायतीला मिळावा. दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात अप्रशिक्षित रोजंदार लावू नयेत. मृतांच्या वारसांना भरपाई देताना ‘कंत्राटी’ हा शेरा आडवा येऊ नये.

स्वतःच माणूस हेरून मारणाऱ्या यंत्रांविषयी थोडेच लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांबाबतचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला आणि त्या चारांत भारत होता. गोळी सोडण्याचा अंतिम निर्णय माणसाच्याच हाती राहील, एवढा दंडक भारताने आपल्या लष्करासाठी तरी घालून घ्यावा. त्याला कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.

शेवटची मागणी पुण्याशी संबंधित आहे. सीमाभागातील नागरी स्फोटग्रस्तांची जिल्हावार नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी. अशा प्रत्येकाला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात उपचार, अवयव आणि त्याची पुढची दुरुस्ती येण्याजाण्याच्या खर्चासह मोफत मिळावी. लहान मुलाचा पाय वाढतो आणि कृत्रिम पाय वारंवार बदलावा लागतो. एकदाच दिलेली मदत त्याला पुरत नाही.

या निवेदनाचे मुद्देनिहाय लेखी उत्तर तहसील कार्यालयामार्फत साठ दिवसांत मिळावे. ते आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवणार आहोत.

कळावे,
आपले नम्र,
बावडा व परिसरातील ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. खासदार, बारामती लोकसभा मतदारसंघ
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, पुणे